अकरा मिनिटांचा माणूस

पुस्तक परत करताना मी सहज म्हणालो, "छान होतं." काउंटरमागच्या बाईंनी मान वर न करता उत्तर दिलं, "नोव्हेंबरातही तुम्ही हेच म्हणाला होतात." एवढंच. माझ्या मागे रांगेत कोणीतरी बुटांवरचा बर्फ आपटून झाडत होतं, रस्त्यावर बर्फ उचलणाऱ्या गाड्यांचा भोंगा वाजत होता, आणि मी हसलो. माझ्यासारखी माणसं अशा वेळी हसतात. पण बाहेर न पडता मी ते पुस्तक पुन्हा मागून घेतलं, रेडिएटरजवळच्या बाकावर बसलो आणि पानं चाळू लागलो. एकशेबाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीची बारीक तिरकी खूण होती आणि पुढे लिहिलं होतं, 'पेंग, ३.१०'. अक्षर माझं. वाचता वाचता डोळा लागला की वेळ टिपून ठेवायची माझी जुनी सवय आहे. लायब्ररीच्या पुस्तकात असं लिहू नये हे मला कळतं, आणि दर वेळी लाजही वाटते. पण त्या खुणेच्या खाली आणखी एक खूण होती, 'पेंग, २.४०'. पेन्सिल वेगळी, दिवस वेगळा. म्हणजे त्याच पानावर मी दोनदा पेंगलो होतो आणि आता पुस्तक तिसऱ्यांदा वाचलं होतं, पहिल्यांदा वाचावं तसं, शेवट काय होणार या उत्सुकतेनं. मी पुस्तक मिटलं. आयुष्यभर पुस्तकांवर जगलो असं मी स्वतःला सांगत आलो होतो. त्यातली किती खरोखर वाचली होती, कोण जाणे.

मी वाचणारा असलो तरी माझं काम पुस्तकांचं नव्हतं. डोंगरउतारावरच्या मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं मी मेंदूचे आलेख काढत होतो. अपस्माराची माणसं यायची. त्यांच्या डोक्याला तारा चिकटवायच्या, यंत्र चालू करायचं, सोळा लेखण्या कागदावर थरथरत पुढे जायच्या, आणि समासात मी लाल पेन्सिलीनं लिहीत जायचो: डोळे मिटले, खोकला, पेंग, झोप. जागेपणी बरेच मेंदू शहाण्यासारखे वागतात. दोष असलाच तर झोपेत बाहेर येतो, शांत लाटेत मधेच एखादा टोकदार सुळका उठतो. म्हणून आम्ही माणसांना रात्रभर जागं राहून सकाळी यायला सांगायचो, म्हणजे ती खाटेवर पडल्या पडल्या झोपायची. ती झोप आमच्यासाठी सोन्यासारखी. ती मोडू द्यायची नाही हा आमच्या खोलीचा एकच नियम होता. नातेवाईक दारात आला की ओठांवर बोट ठेवायचं आणि दार हलकेच लावून घ्यायचं. झोपलेला कण्हला तर त्याच्या मनगटावर हात ठेवून म्हणायचं, काही नाही, झोपा. डॉक्टर माझं कौतुक करायचे की देरोशेच्या खोलीत कोणीही झोपतं. मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या कशाचा फारसा नव्हता.

तेव्हा आम्हाला झोपेतल्या त्या सुळक्यांचा अर्थ एवढाच कळत होता की दोष इथे आहे किंवा तिथे आहे. नंतर, निवृत्त झाल्यावर, मी वाचलं की दिवसभराचं सगळं झोपेतच मुरतं. जे पाहिलं, ऐकलं, ते मेंदू रात्री पुन्हा उलगडतो आणि आतल्या पक्क्या जागी नेऊन ठेवतो. नेता नेता मधे सुळका उठला की हातातलं सांडतं. माणसाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी विचारा, सगळं सांगतो. तीन आठवड्यांनी विचारा, तर तिथे काहीच नसतं, विसरल्याची जाणीवसुद्धा नसते. मी हे वाचलं होतं, समजून घेतलं होतं, आणि स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. सकाळी उठताना महिन्यातून एखाद्या वेळी मला तापलेल्या धुळीचा वास यायचा, बंद ठेवलेला हीटर पहिल्यांदा लावल्यावर येतो तसा. मग पाहावं तर मी स्वयंपाकघरात उभा असायचो, पुढ्यात टोस्ट, अर्धा खाल्लेला, आणि घड्याळ माझ्या अंदाजापेक्षा पुढे. म्हातारपण, असं मी म्हणायचो. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा वाचणारा माणूस असं म्हणाला, यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण मी खरंच तसं म्हणालो.

त्या दिवशी लायब्ररीतून घरी आलो आणि कपाटातले अल्बम काढले. नदीच्या मुखाशी, जिथे नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळत नाही, तिथे मी आणि माझी बायको सोलांज उभे आहोत. माझ्या अंगात लाल स्वेटर आहे. सोलांजचे केस वाऱ्यानं तोंडावर आलेत आणि ती फोटो काढणाऱ्याला काहीतरी बोलतेय. मी तो फोटो खूप वेळ पाहिला. स्वेटर आठवला, तो पुढे मुलीनं कुत्र्याला अंथरायला घेतला. पण तो वारा, ती जागा, तिथे कसे गेलो, काय खाल्लं, भांडलो का, काहीच नाही. परक्याच्या लग्नाचा फोटो पाहावा तसं. मी पानं उलटत गेलो आणि बायकोचा एकेक उन्हाळा माझ्या हाताखालून निघून गेला. तेव्हा भीती वाटली ती या उन्हाळ्यांसाठी नव्हे. मला एका सकाळची भीती वाटली.

सोलांज दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात गेली, घरीच. फुप्फुसं संपली होती. मिरेय, आमची एकुलती मुलगी, तीन रात्री आईजवळ जागली होती. चौथ्या दिवशी पहाटे मी तिला म्हणालो, जा, मागच्या खोलीत पड, मी आहे. ती उभ्यानंच डुलत होती. दारात थांबून म्हणाली, "आईनं डोळे उघडले की मला उठवा पपा. काहीही झालं तरी. मला तिच्याशी बोलायचंय." मी हो म्हणालो. नंतर माझ्या आठवणीत थेट मिरेयचा हात आहे, माझ्या खांद्यावर. खिडकीत लख्ख ऊन होतं, नऊ वाजून गेले होते आणि सोलांज गार पडली होती. मधलं काही नाही. मी त्याचा अर्थ लावला की खुर्चीत मला झोप लागली. पहारा द्यायला बसलेला म्हातारा झोपला. ही शरमेची गोष्ट होती, पण माणसाला पेलता येण्याजोगी. दोन वर्षं मी ती पेलली. मिरेय कधी काही बोलली नाही, दर रविवारी वाटाण्याचं सूप घेऊन येत राहिली. आता अल्बम मांडीवर घेऊन बसलो असताना मला पहिल्यांदा वाटलं की मी झोपलो होतो हे मला कुणी सांगितलंय? मला झोप आठवत नव्हती. मला काहीच आठवत नव्हतं. आणि तो धुळीचा वास, त्यानंतरचं कोरेपण, ते झटकेच असणार, मला झोपेतून उठतानाच येतात.

मिरेयला मी फक्त पुस्तकाचं सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "उशीर केलात पपा. मीही केला." तिनंच डॉक्टर हद्दाद यांची वेळ घेतली. त्यांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि आठवडाभर भरती व्हायला सांगितलं. डोक्याला तारा, छतावर कॅमेरा. झटका आला तर तो पकडायचा, म्हणजे औषध ठरवता येईल. मला औषधाची फारशी ओढ नव्हती. मला पाहायचं होतं की जो मी मला आठवत नाही तो काय करतो. जागा असतो का. कोणी हाक मारली तर ऐकतो का. हे मी कोणालाच सांगितलं नाही.

इस्पितळ तेच, मजला वेगळा. तारा लावायला विदलिन नावाची हैतीची मुलगी होती, तिशीची, हात हलका. मी तिला म्हणालो की डाव्या कानामागची तार जरा वर गेलीये.

"जुने तंत्रज्ञ म्हणजे देवानं पाठवलेली शिक्षा," ती म्हणाली. "मागच्या वर्षी एक बाई होत्या, त्यांनी तर स्वतःची टेप आणली होती घरून."

"आमच्या वेळी आम्ही मोजून लावायचो."

"तुमच्या वेळी बाहीला शाईही लागायची, मस्यू देरोशे. डोकं हलवू नका. आणि मला शिकवायचंच असेल तर जेवणानंतर, आत्ता मी उपाशी आहे."

मला ती आवडली. तिला सांगावंसं वाटलं की एके काळी मीही असाच कुणाच्या तरी डोक्यावर वाकून हलकं काहीतरी बोलायचो, त्यांनी घाबरू नये म्हणून. पण मी सांगितलं नाही. मी काही सांगायचं ठरवतो तोवर वेळ निघून गेलेली असते.

तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या रात्री त्यांनी मला जागं ठेवलं. सकाळी लापशी खाल्ली आणि पडदे ओढलेल्या खोलीत पाठीवर पडलो. पलीकडच्या काचेमागे विदलिन बसली होती आणि मला ठाऊक होतं की ती आता काय टिपत असेल. पेंग. झोप. खाटेच्या या बाजूनं ते पाहणं फार विचित्र होतं. आपल्याला कोणीतरी काठावरून पाण्यात सोडतंय आणि दोरी त्याच्या हातात आहे असं वाटत होतं, आणि मी आयुष्यभर ज्यांना सोडलं त्यांना कसं वाटलं असेल हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मग तापलेल्या धुळीचा वास आला. मग मी खाटेच्या कडेवर बसलो होतो, विदलिन समोर स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत होती आणि पडद्याच्या फटीतून ऊन आलं होतं.

"आला," ती म्हणाली. "अकरा मिनिटं. लक्षात ठेवायला एक शब्द सांगितला होता मी, आठवतो?"

"कोणता शब्द?"

"असू दे."

डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणून दुपारी तिनं मला चित्रण दाखवलं. आपल्यातलाच माणूस म्हणून, असं ती म्हणाली. पडद्याच्या खालच्या अर्ध्यात माझ्या रेघा सरकत होत्या. झोपेच्या संथ लाटा होत्या, डाव्या कानशिलाकडे सुळके दाटत गेले, आणि वरच्या अर्ध्यात एका म्हाताऱ्यानं डोळे उघडले. मला वाटलं होतं की तो मख्ख दिसेल, काही चघळत असल्यासारखं तोंड हलवेल, हात चोळेल. तसं काही नव्हतं. तो नीट उठून बसला. चेहरा शांत, थोडा कामात असल्यासारखा. विदलिन आत आली, तिनं नाव विचारलं, त्यानं बरोबर सांगितलं. तिनं एक शब्द सांगितला, लक्षात ठेवा म्हणाली. त्यानं मान हलवली आणि विचारलं, "आज वार कोणता?" तिनं सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, "तुमची मुलगी येतेय आज. मिरेय. आली की बोलावू का आत?"

तो म्हातारा उठला. तारांची वेणी खांद्यावर घेऊन, सराईतासारखा, दारापाशी गेला. दार उघडंच होतं. त्यानं बाहेर डोकावून पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मूठ फिरवून, कडीचा आवाज होऊ न देता, दार लावलं.

"झोपू दे तिला," तो म्हणाला. "रात्रभर जागलीये पोर."

"पण तिला यायचंय," विदलिनचा आवाज आला. "आणि खाटेवरच्या माणसानं तिला हाक मारली तर?"

"मारू दे. गप्प होतात जरा वेळानं." मग त्यानं विदलिनच्या मनगटावर हात ठेवला. किती मायेनं ठेवला ते मला दिसत होतं. "काही नाही. झोपा."

विदलिननं चित्रण थांबवलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बहुतेक कामावरचं आठवत होतं तुम्हाला." मी हो म्हणालो. ती पाणी आणायला गेली. पडद्यावर तो माणूस हात पुढे करून तसाच थांबला होता. मला त्याचा राग आला नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तो मला ओळखीचा वाटला. भूल पडलेला, वेडापिसा असा कोणी दुसरा माझ्यात शिरला असता तर मी त्याच्यावर सगळं ढकललं असतं. पण हा मीच होतो, माझा चांगुलपणा, माझं कसब, ज्याच्याबद्दल माझं कौतुक व्हायचं ते. मी आहे असं म्हणून पहाऱ्याला बसलेला माणूस झोपला नव्हता. तो डुलकीतून उठला होता. सोलांजनं हाक मारली होती, मिरेयला बोलव म्हणाली असेल, आणि त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवून तिला सांगितलं होतं, काही नाही, झोप.

चारच्या सुमारास मिरेय आली. ती शाळेत भूगोल शिकवते, तिच्या बाहीला खडू होता. डॉक्टरांशी तिचं आधीच बोलणं झालं होतं. तिच्या हातात औषधाचा कागदी पेला होता, नर्सकडून तिनं मागून घेतलेला. ती खुर्चीत टेकली न टेकली तोच मी बोलायला लागलो. मी म्हणालो, मिरेय, मला सांगायचंय, आणि जे पाहिलं ते आणि त्यावरून जे कळलं ते सगळं सांगितलं. वाक्यं चुकत होती, मी पुन्हा सुरू करत होतो. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. एखादा विद्यार्थी पाठ म्हणत असताना शिक्षक ऐकतो तशी ती ऐकत होती.

"पपा," ती म्हणाली, "आपलं हे बोलणं तिसऱ्यांदा होतंय."

"कधी झालं?" मी विचारलं.

"आई गेल्यावर चार दिवसांनी तुम्ही त्या सकाळचं विचारलंत, मी सांगितलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. नाताळात पुन्हा विचारलंत, मधे काही झालंच नाही असं. मला वाटलं नाटक करताय. मी चिडून सांगितलं, तोडून. तुम्ही जिन्यात बसून रडलात. फेब्रुवारीत बोलता बोलता म्हणालात, त्या दिवशी मला झोप लागली नसती तर. तेव्हा कळलं की तुमच्याकडे ते राहतच नाही. मग मी सांगायचं सोडलं. डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नाही नेलं."

"का?"

तिनं बाहीवरचा खडू झटकला, तो निघाला नाही. "घरात एकाला तरी बरं वाटत होतं म्हणून."

"पण तुला कसं कळलं? तू तर झोपली होतीस."

"दार उघडलं तेव्हा मला जाग आली होती," ती म्हणाली. हे ती फार सपाट आवाजात म्हणाली. "तुम्ही दारात होतात. ओठांवर बोट ठेवलंत. आईचा आवाज येत होता तुमच्या मागून. माझं नाव घेत होती की नुसती कण्हत होती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मला वाटलं, पपा आहेत, पपा इतके शांत आहेत, म्हणजे ठीक असणार. मला इतकी झोप येत होती पपा. तुम्ही दार लावलंत आणि मला बरं वाटलं."

बाहेरच्या रस्त्यावर बर्फाची गाडी मागे सरकत होती. मिरेयच्या चेहऱ्यावर मला सोलांज दिसेल असं वाटलं, तसं काही दिसलं नाही. एक्केचाळीस वर्षांची दमलेली बाई दिसली. दोन वर्षं दर रविवारी ती सूप घेऊन यायची, मी तिला वाचलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायचो आणि ती ऐकायची. त्यातली काही पुस्तकं तिनं माझ्याकडून दोनदोनदा ऐकली असणार. आणि ती सकाळ तिच्याकडे एकटीकडे होती.

"डॉक्टर म्हणाल्या," ती पेल्यात पाहत म्हणाली, "गेलेलं परत येणार नाही. नदीची सहल वगैरे गेलीच. पण या गोळीनं झटके थांबतात, झोपेतलं ते सुळक्यांचंही बरंच कमी होतं. म्हणजे यापुढचं राहील." तिनं पेला हातात फिरवला. "मी विचारलं त्यांना, आजच सुरू करायला हवं का. त्या म्हणाल्या, दोनचार आठवड्यांनी केलं तरी काही बिघडत नाही, बाहेर एकटं जायचं नाही एवढंच."

"तू हे का विचारलंस?"

"तुम्हाला ठाऊक आहे मी का विचारलं."

मला ठाऊक होतं. दोनचार आठवडे पुरे होते. पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी मी सुपात पाव बुडवत म्हणालो असतो की त्या दिवशी मला झोप लागली नसती तर, आणि ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली असती, जाऊ दे पपा, तुम्ही दमला होतात. ती हे आयुष्यभर करायला तयार होती. मला मोह झाला. मी धीट माणूस नाही. कधी नव्हतो. रात्रभराचं जागरण अंगात होतं, उशी जवळ होती, डोळे मिटले असते तर एकेक दिवस मागे पडत सगळं आपोआप झालं असतं, आणि कुणीही मला बोल लावला नसता. मिरेयनं पेला स्वतःच्या मांडीवर धरला होता, दोन्ही हातांनी. तिनं तो पुढे केला नाही. मला हात लांब करून तो तिच्या बोटांतून सोडवून घ्यावा लागला.

गोळी कडू होती. मी पाणी प्यालो.

"आता सगळं सांग," मी म्हणालो. "मी दार लावल्यापासून. तू पुन्हा उठून आलीस तेव्हा, मला हलवायच्या आधी, आई कशी होती, हात कुठे होते, डोळे उघडे होते का. माझं तोंड पाहू नकोस, सांग."

"पपा, आज नको. तुम्ही पेंगताय."

"म्हणूनच."

तिनं खुर्ची खाटेजवळ ओढली. मग तिनं सुरुवात केली आणि पहिलंच वाक्य ती शब्द शोधत बोलली, त्यावरून मला कळलं की मागच्या दोन वेळांना तिनं मला हे सांगितलं नव्हतं. "डोळे उघडे होते," ती म्हणाली. "दाराकडे."